तिसरी थँकफुल

बॉस्टन, ३ मे १८७९

ती. लव्हिनिया आत्यास,
असाहेलचा सा. नमस्कार, वि. वि.

टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत यापुढे फक्त गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांनाच जागा, असं तुमच्या एल्मबरीकरांनी ठरवलं, म्हणून आपली वंशावळ लावायला बसलो. गाव वसवायला समुद्र ओलांडून आलेल्या प्रुडन्सची लेक थँकफुल थर्लोंच्या घरात पडली, तिचे आपण, असं आजवर सांगत आलो. पण चर्चचे कारभारी डीकन विनस्लेड कळवतात की टेकडीवरच्या दगडाप्रमाणे थँकफुल दोन वर्षांचीच असताना, १६७४ साली वारली. म्हणजे आपण प्रुडन्सचे कुणीच नव्हे.

तुला तिथंच निजायचंय हे ठाऊक असून असं लिहायचं जिवावर आलंय. नव्या दफनभूमीतही मेपलची छान सावली आहे.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
असाहेल

एल्मबरी, ९ मे १८७९

चि. असाहेल यास अनेक आशीर्वाद.

एवढा शिकलास आणि पहिल्याच दगडाशी थांबलास! सावलीचं काय घेऊन बसलास, मेल्यावर मला ऊन लागणार आहे होय?

मी झाडू आणि बादली घेऊन टेकडी चढले. मागून डीकनसाहेब धापा टाकत आले. त्या दगडाशेजारचं शेवाळ खरवडलं, तर आणखी एक थँकफुल निघाली, त्याच आईबापांची, १६७७ साली गेलेली. डीकन म्हणाले, आता तर दोघीही गेल्या. मी म्हटलं, तिसरी शोधा. कुंपणाकडेला सापडली. थर्लोची बायको, प्रुडन्सची लेक, ऐंशी वर्षं जगलेली.

अरे, मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचं, ही आपल्या माणसांची जुनी रीत. परक्या मुलखात दोन पोरी पुरून त्या बाईने तिसरीलाही थँकफुलच म्हटलं. देवावर रुसली नाही, नावाला भ्याली नाही. माझ्याच्याने झालं नसतं. आपण तिचे आहोत याचा मला फार अभिमान वाटतो.

रीत तुम्हाला कशी ठाऊक, असं डीकननी विचारलं. मी त्यांना माझ्या आईच्या थडग्यापाशी नेलं. शेजारी आठ महिन्यांच्या बाळाचा दगड आहे, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचा. नाव त्यांनी स्वतःच वाचलं. मग टोपी काढली आणि त्या बाळाशेजारी माझ्या जागेची खूण म्हणून खुंटी ठोकली.

प्रकृतीला जप. आहे तशीच माया असू दे.

तुझी आत्या,
दुसरी लव्हिनिया