आईच्या बुटाचं माप

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आईनं बूट बदलून आणले. मला न विचारता! शनिवारी मी स्वतः माप घेऊन आणलेले – डावा पाय २४१ मिलिमीटर, उजवा २४३, पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा. सहा नंबर. ती आज एकटी दुकानात गेली आणि पाच नंबर घेऊन आली.

"सैल होते गं. पाय त्यात हरवत होता."

सैल नव्हते. मी दिवसभर लोकांचे पाय मोजते, त्याचाच पगार घेते.

बोटं दुमडून बसलीत, नखं काळी पडतील, सगळं सांगून पाहिलं. तिचं एकच – "घट्ट हाय म्हणून तर कळतंय की, पायात काय तरी हाय." मग "साकु आता" म्हणाली आणि कणीक मळायला बसली. आमच्या घरी आई कानडीत 'पुरे' म्हणाली की विषय संपतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

हे सगळं चंद्रव्वा मावशींमुळे. शेजारच्या गल्लीतल्या. पाच जानेवारीला बायकांची पाच किलोमीटरची दौड आहे. मावशींनी अकराजणी गोळा केल्या. त्यात आई. रोज सकाळी सहाला होम मैदानावर सराव.

आई त्रेपन्न वर्षांची. आजवर तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आता फ्रिजवर दौडीचा कागद लावलाय, आणि दूध काढताना त्याच्याकडे बघून हसते. एकटीच.

तिनं ती दौड पुरी करावी, असं मला फार वाटतं.

७ नोव्हेंबर

आज आमच्या पायांच्या दवाखान्यात एक बँकेचे साहेब आले. धावायचे बूट घालून बॅडमिंटन खेळले आणि घोटा मुरगळून घेतला. समजावलं – धावायचा बूट सरळ जाण्यासाठी असतो. टाच उंच, मऊ. बॅडमिंटनमध्ये तुम्ही आडवे पळता. तिथे सोल पातळ हवा, जमिनीला धरून, कडा पक्क्या. ते म्हणाले, "मॅडम, महाग घेतला की सगळ्याला चालतो ना?" नाही चालत.

मग काचेवर उभे राहिले. काचेखाली दिवा असतो, तळवा खालून उजळून दिसतो. टाच, कड, पाच बोटं – तळ्यात बेटं असावीत तशी. साहेब बोलत होते आणि मी बेटं बघत होते. हे मी कुणाला सांगत नाही, पण माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मला तळवा लवकर ओळखू येतो.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी आईबरोबर मैदानावर गेले. बाकड्यावर बसून अकरा जोड पाय पाहिले. सातजणी सँडलमध्ये, एक स्लीपरवर. मावशींच्या पायात मुलाचे फुटबॉलचे बूट, खाली खुंट्या! दर बुधवारी त्या तेच घालून झुंबाला जातात. म्हटलं, मावशी, वळताना पाय फरशीला अडकेल, गुडघा जाईल. नाचायला तळ थोडा घसरणारा हवा, चालायला टाचेला आधार हवा.

"अगं बाई, म्हणजे चालायला एक, नाचायला एक? मी एकाच चपलेत लगीन बी केलं आणि बारसं बी!"

सगळ्या हसल्या. आई सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले असते, पण तिच्या पाच नंबरी बुटाकडे लक्ष गेलं.

१३ नोव्हेंबर

तह झाला. सहा नंबर परत आणायचा, पण आत मी पाय हरवू देणार नाही! खास तिच्यासाठी बुटात बसणारी गादी बनवायची. आई म्हणाली, "बरं, बघू तुझी विद्या."

१६ नोव्हेंबर, शनिवार

आईच्या पायाचा साचा घेतला. कमान उंच, बोटं थोडी आकसलेली. हे सगळं आखूड बुटांमुळे असणार. दोन थर घातले – खाली घट्ट फोम, वर सगळ्यात मऊ. दवाखान्याच्या वर्कशॉपमधले शहाजी काका वीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी दाबून पाहिलं. "लई मऊ केलीस की. लोण्यावर उभं राहिल्यासारखं व्हईल." मी म्हटलं, आईसाठी आहे. त्यांनी गादी माझ्या हातात परत ठेवली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जमलं!! आई मैदानावरून आली आणि दारातच म्हणाली, "सिद्धी, कापसावर चालल्यासारखं वाटतंय गं. जमिनीला पाय लागतच नाही."

फोमचा क्रमांक, जाडी, तापमान – सगळं वहीत उतरवून ठेवलं. दिवसभर तेच वाक्य कानात. जमिनीला पाय लागतच नाही. बसमध्ये खिडकीशी बसून डोळे मिटले, तर अख्खं सोलापूर माझ्या गाद्यांवरून चालत होतं. आवाज न करता. पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या गच्च्यांवरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर.

माझा स्टॉप मागे गेला. असं माझ्या बाबतीत कधी होत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

धुकं. मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आईच्या मागून पन्नास पावलांवर चालले. ती गुडघे जरा उंच उचलते, पाऊल वरून सोडते – पाण्यातून चालल्यासारखं. आधी कधी लक्षात आलं नव्हतं. धुक्यात ती अर्धीच दिसत होती, कमरेच्या वर. खालची आई नव्हतीच.

खूप सुंदर दिसत होतं. ते सुंदर का दिसतंय, हे शोधायला हवं. आज नुसतं बघितलं.

२९ नोव्हेंबर

आई चार किलोमीटर चालून आली. मी तिचे बूट उन्हात ठेवायला उचलले. उजव्यातून काहीतरी खडखडलं. चिंचोका. गादीवर त्याचा खोल खड्डा पडलेला – टाचेच्या पुढे, पूर्ण आकाराचा. आईच्या मोज्यावर त्याच जागी तांबूस डाग.

"आई, हे टोचलं नाही तुला?"

"काय?"

ती स्वयंपाकघरात उभी होती. अनवाणी. फरशीवर. मी सहज विचारावं तसं विचारलं, आत्ता कसं वाटतंय पायाखाली?

"कापूसच की. दोन वर्षं झाली. चंद्रव्वाला सांगितलं तर ती म्हणते, वयानं होतंय."

३० नोव्हेंबर

घट्ट बूट का हवे होते, ते आता कळलं. घट्ट असले की निदान दाबल्याचं कळतं. ती मला पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती, माझ्या मापाहून अचूक शब्दांत. आणि मी मिलिमीटर सांगत बसले. तिच्या पायात संवेदना नाही, आणि मी माझ्या फोमची पाठ थोपटली.

परक्या बाईनं ते 'कापूस' म्हटलं असतं, तर मी पुढच्या मिनिटाला संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा काढला असता.

१ डिसेंबर, रविवार

धागा घरी आणला. जाड केसासारखा असतो. तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. समोरच्यानं डोळे मिटून सांगायचं. प्रत्येक पायावर दहा जागा.

आई डोळे मिटून खुर्चीत बसली. चेहरा शांत, गाणं ऐकत असावी तसा. "लागलं... लागलं... लागलं." तालात.

मी थांबले. हात मागे घेतला. ती आणखी दोनदा म्हणाली, "लागलं."

दहापैकी उजव्या पायाला तीन जागा कळल्या, डाव्याला दोन. पायाखालची जखम मी धुतली, पट्टी केली. तिला तेही कळलं नाही.

"पास झाले का गं?"

७ डिसेंबर, शनिवार

रक्तातली साखर ठीक आली. मला मधुमेहाची खात्री होती! मग नसांची तपासणी झाली. डॉक्टरांनी आईची उंच कमान पाहिली, आकसलेली बोटं पाहिली, तिला खोलीभर चालवलं. माझ्यासारखेच मागून बघत राहिले, पण त्यांनी पाहिलं ते वेगळं.

"नसा टोकाकडून झिजत आल्यात. तुमच्या माहेरी असं कुणी चालायचं?"

आई पटकन म्हणाली, "माझी अव्वा, माझी आई! तिला सगळे बगळा म्हणायचे. मामा बी तसाच."

औषध नाही. पण पाय जपला तर पाय राहतो. जखम होऊन कळली नाही, तर पाय जाऊही शकतो – हे डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले. जखम भरेपर्यंत चालणं बंद. पळायचं तर कधीच नाही. जखम भरल्यावर चालायचं, पण बुटात हात घालून तपासल्याशिवाय घालायचा नाही.

रिक्षात आई तपासणीचे कागद उलटसुलट बघत होती. सात रस्त्यापाशी म्हणाली, "मग चालतच करीन दौड. शेवटून पहिली येईन."

९ डिसेंबर

माझी मऊ गादी काढून टाकली. ज्याला जमीन कळत नाही, त्याच्या पायाखालून ती आणखी दूर न्यायची नसते. शहाजी काकांना सांगितलं. त्यांनी 'मी म्हटलं होतं' म्हटलं नाही. नवी करायला माझ्यासोबत उभे राहिले – वजन पसरवणारी, वर मऊपणा नाममात्र. बूट रुंद, आत शिवण नाही, तळ पक्का, टाच बुटकी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जखम भरली. चंद्रव्वा मावशी आल्या, आईच्या नव्या बुटात कोपरापर्यंत हात घालून म्हणाल्या, "आजपासून ही माझी ड्युटी. खडा निघाला तर तो माझा, हिरा निघाला तर तुझा." आई कितीतरी दिवसांनी हसली. दोघी माझ्या समोरून मैदानाकडे गेल्या. ऊन कोवळं होतं. मी दारातच उभी राहिले.

१५ डिसेंबर, रविवार

दुपारी आईनं टेबलावरचा धागा उचलला. मला खुर्चीत बसवलं. "माझ्या अव्वाचं मला आलं. मीट डोळे." मिटले. बाहेर कबुतरं घुमत होती. वाट बघत राहिले, तिनं सुरुवात करावी म्हणून. मग तिचा आवाज आला, अगदी हळू –

"सांग की गं. केव्हाची टोचतीय मी."