त्या शनिवारचं विमान

साउथ बी, नैरोबी
२९ जुलै २०१२

प्रिय वाकेशोताई,

तुला आणि मठातल्या सगळ्या सिस्टर्सना माझा नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे, तूही बरी असशील. तिथे डोंगरात आता कडाक्याची थंडी असेल. त्या दगडी फरशीवर गुडघे टेकताना खाली काहीतरी जाड घेत जा. देव तेवढ्यासाठी मार्क कापणार नाही.

पायलट झालेला भाऊ राहतो कसा, असं तू विचारलंस. एका खोलीत आम्ही चौघं राहतो. चौघांकडेही लायसन्स आहे, पण काम तिघांनाच. गाद्या दोन. एक जण पहाटे उठून गेला की दुसरा येऊन त्याच जागी पडतो, त्यामुळे गादी कधी गार म्हणून होत नाही. काम नाही तो लेमायान, नारोककडचा. ताडासारखा उंच आणि स्वभावाने गरीब. रोज इस्त्रीचा शर्ट घालून कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या दारात जाऊन बसतो, आणि संध्याकाळी आमच्यासाठी मक्याच्या पिठाची उगाली ढवळतो. "तुम्ही उडवा, मी ढवळतो," म्हणतो.

गणवेशावर जुनं जाकीट चढवून मी मटाटूने विमानतळावर जातो. परवा जाकिटाची चेन बिघडली आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या उघड्या पडल्या. कंडक्टर ओरडला, "सरका, सरका, कॅप्टनसाहेब आलेत! काय साहेब, आज विमान पंक्चर?" अख्खी गाडी हसली. मीही हसलो. उतरताना मात्र त्याने हळूच विचारलं, "खरं सांग, माझ्यापेक्षा जास्त मिळतात का तुला?" मी सांगितलं नाही. त्याला माझी दया आली असती आणि त्याने भाडंच घेतलं नसतं.

इंजिन चालू असेल तेवढ्याच वेळाचे आम्हाला पैसे मिळतात. लोडवारला उन्हात चार तास विमानाच्या सावलीत बसलो, तर ते आमचं आम्ही. तेही पैसे हातात पडतात दोन-दोन महिन्यांनी. गावात हे कुणाला सांगू नको असं म्हणणार होतो, पण तू कुणाला सांगणार! ओढ्याकाठचं केळीचं शेत विकून बाबांनी मला शिकवलं. अजूनही काकांना वाटतं मी त्यांचे फोन मुद्दाम उचलत नाही.

माणसं मात्र चांगली आहेत. मी बहुतेक कॅप्टन मुसेम्बींबरोबर उडतो. कांबा जमातीचे आहेत, पन्नाशी उलटलेली, सगळ्यांची चेष्टा करणारे. विमानात प्रवाशांनी न उघडलेली बिस्किटं उरतात, ती ते माझ्या बॅगेत कोंबतात आणि वर म्हणतात, "तैता लोक एवढे बारीक असतात, म्हणून तुमच्या डोंगरावर वारा सुटला की दारं लावून बसता ना?"

बाबांच्या दफनाचं सगळं नीट पार पडलं. माणसं पुष्कळ होती. ऊन नव्हतं, ढग होते. आई धीराने वागली. तू काळजी करू नकोस.

आता निघतो. मागचा गादीसाठी उभा आहे.

तुझा धाकटा,
म्वादिमे


साउथ बी, नैरोबी
२ सप्टेंबर २०१२

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. आम्ही सगळे ठीक. लेमायानला अजून काम नाही.

तुझे प्रश्न पुन्हा पुन्हा वाचले. कोणतं गाणं म्हटलं, आईचा हात कोणी धरला होता, मूठभर माती टाकताना मी बाबांना काय म्हणालो. भिंतीच्या आत बसून तू ते सगळं डोळ्यांपुढे आणू बघते आहेस, हे मला कळतं. तुला मठाच्या नियमामुळे येता आलं नाही. पण ताई, त्या दिवशी माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

इथे सुट्ट्यांचा मोसम आहे, विमानं भरभरून जातात. आमच्या पाळ्या करिथी नावाचे साहेब लावतात. आवाज कधी चढवत नाहीत. खिडकीकडे बोट दाखवून एवढंच म्हणतात, "बाहेर शंभर जण उभे आहेत, फुकट उडवायला तयार." त्यांचं खोटं नाही. त्यातला एक माझ्याच खोलीत उगाली ढवळतो.

झोप हल्ली येत नाही. येते तेव्हा उठायची वेळ झालेली असते. खोलीत कुणीतरी कायम झोपलेलं असतं, म्हणून आम्ही कुजबुजतच जगतो. तुमच्याकडे मौन असतं ना, आमच्याकडेही आहे. फरक एवढाच, की तुमचं कुणासाठी तरी असतं. रविवारी मोकळा होतो तर चर्चमध्ये गेलो. मागे उभा राहिलो. शेजारच्याशी हात मिळवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, आठवडाभरात कुणाचा हात हातात आला नव्हता.

डियानीला पर्यटकांना घेऊन जातो तेव्हा माईकवरून सांगायचं काम माझं: "आपल्या उजवीकडे किलिमांजारो दिसत आहे." लोक खूश होतात, फोटो काढतात. हल्ली ते वाक्य मी घाईघाईने उरकतो.

आईशी बोलतो मधूनमधून. आम्ही दोघंही पावसाबद्दलच बोलतो.

तुझा,
म्वादिमे


घरून, वुंडानी
७ ऑक्टोबर २०१२

ताई,

आधी एक सांगतो, मग बाकीचं. बाबांच्या दफनाला मी नव्हतो.

उभी असशील तर खाली बस, मग पुढे वाच.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी करिथींकडे गेलो. "सर, शनिवारी वडिलांचं दफन आहे. एक दिवस हवाय."

"शनिवारी? डियानीचं विमान भरलंय. माणूस कुठून आणू?"

"मी एकुलता मुलगा आहे, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हो म्हणतील. म्हणाले, "वाईट वाटलं ऐकून. खरंच. जायचं तर जा, मी कुणाला बांधून ठेवत नाही. पण मग परत येऊ नकोस, आणि करार मोडल्याच्या भरपाईचं पत्र घरी पाठवू आम्ही."

घरी म्हणजे आईला. म्हणून मी शनिवारी कामावर गेलो. आईला सांगितलं, येण्याचा प्रयत्न करतो. तेवढंच बोललो, आणि ती तेवढ्यावर थांबून राहिली.

मुसेम्बींना काही माहीत नव्हतं. आम्ही वर चढलो, किलिमांजारो दिसू लागला, मी माईक हातात घेऊन ते वाक्य म्हटलं आणि शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. त्यांनी मान वळवली. "काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून आमच्यात कुणी रडत नाही. तुम्हा तैतांमध्ये पद्धत असेल."

मग मी सांगितलं. त्यांनी रेडिओवर कळवलं, ढग चुकवायला थोडं उजवीकडे वळतोय. चुकवण्यासारखा एकही ढग पुढे नव्हता. मला म्हणाले, "विमान माझ्याकडे. तू बघ."

माझी खुर्ची उजवीकडची. आपले डोंगर माझ्याच खिडकीखाली आले. ताई, नुसता ढग होता. पांढरा, सपाट, दुलईसारखा ओढलेला. फक्त व्हुरियाचं टोक वर आलेलं. त्या टोकावरून मी अंदाज बांधला, इथे चर्च असेल, इथे वळण, इथे आपलं आवार. पण दिसलं काहीच नाही. काचेला कपाळ लावून बघत राहिलो. मागे कुणीतरी त्याच ढगाचा फोटो काढत होतं.

डियानीला उतरल्यावर मी दारात उभा राहून एकेकाला "सुट्टी मजेत जावो" म्हटलं. तिथून आम्हाला लामूला पाठवलं, आणि लामूहून परत नैरोबी. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "झालं सगळं. जेवलास का?"

पुढचं सांगतो, कारण मी आज घरी का आहे ते तुला कळायला हवं.

मागच्या महिन्यात एका सकाळी लोडवारला उतरत होतो. कॅप्टन मुसेम्बी म्हणाले, "चाकं." मी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले. माझे डोळे उघडे होते, समोरची धावपट्टी मला दिसत होती, आणि तरी मी तिथे नव्हतो. त्यांनी हात पुढे करून स्वतः चाकं खाली सोडली. उतरलो. इंजिनं बंद केल्यावर ते म्हणाले, "पोरा, आज मी जागा होतो. उद्या मीही नसेन. माझीही झोप कुठे होतेय?"

नैरोबीला परतलो तर वजीर गावाला जाणारं विमान तयार होतं, लोक रांगेत उभे. मी करिथींना सांगितलं, "सर, मी हे विमान नेणार नाही. मी उडवायच्या अवस्थेत नाही."

"तब्येत बिघडली आहे का?"

"नाही. झोपलेलो नाही."

"झोप कुणाची झालीय इथे?"

"म्हणूनच सांगतोय."

ते मुसेम्बींकडे वळले. "तुम्ही तरी समजवा याला."

मुसेम्बी विमानाच्या पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सैल करू लागले. "मीही थकलोय, करिथी. आज वजीरला मीही येत नाही."

प्रवाशांत कालवा झाला. "पायलटला झोप आली म्हणे!" कुणीतरी मोठ्याने म्हटलं. "आमची बाळं रडतायत आणि हे पेंगतायत!" त्यांचं चुकलं नाही, ताई. उन्हात उभे होते बिचारे. एक म्हातारा सोमाली गृहस्थ गाठोडं घेऊन पुढे आला. मला वाटलं, हा आता शिव्या देणार. दिल्याच त्याने, कंपनीला, मला, विमानाला, सगळ्यांना. मग म्हणाला, "आता उभा काय राहिलायस? जा, झोप! उद्या आम्हाला नेणारा तरी नीट झोपलेला असू दे."

संध्याकाळी मला काढल्याचं कळवलं. मुसेम्बींना घरी बसवलंय, कधीपर्यंत ते कुणी सांगत नाही. मी भेटायला गेलो तर अंगणात आंब्याला पाणी घालत होते. "एवढी वर्षं उडवतोय, हे झाड मी दिवसा कधी पाहिलंच नव्हतं," म्हणाले. मग गंभीर झाले आणि नळ बंद करायचा विसरले.

माझ्या जागी कोण आलं, ओळख. लेमायान. त्याच रात्री त्याला फोन आला. खोलीत अंधारात तो माझ्या उशाशी येऊन बसला. म्हणाला, "भाऊ, नाही म्हणू का?"

मी म्हटलं, "तुझी आई काय म्हणेल?"

"ती दोन वर्षं वाट बघतेय."

"मग जा. पण जड वाटलं तर बोल. ऐकू येईल असं बोल."

"हो." मग उठता उठता, "तुझा टाय देतोस? माझा फाटलाय."

दिला. पहाटे मीच गाठ मारून दिली. तो गेल्यावर गादी अख्खी माझी होती, तरी मी बसूनच राहिलो. ताई, माझ्या आयुष्यात त्या सकाळी वाटलं तेवढं एकटं मला कधी वाटलेलं नाही, त्या ढगावरून जातानासुद्धा नाही.

मग घरी आलो. आई कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"आई, नोकरी गेली."

"बरं," ती म्हणाली. "आधी त्या लाल कोंबडीला आत घाल, ती माझं ऐकत नाही."

दोन दिवस मी झोपलो. तिने मला उठवलं नाही, शेजारच्यांनाही मोठ्याने बोलू दिलं नाही. भरपाईचं पत्र येईल तेव्हा येईल. मिशनच्या शाळेत गणिताला शिक्षक नाही, सोमवारपासून मुख्याध्यापक मला घेतायत. पुन्हा उडवेन का, माहीत नाही. आकाशात आवाज झाला की वर बघतो, ही सवय गेलेली नाही.

काल संध्याकाळी आई मला बाबांच्या कबरीशी घेऊन गेली. गवत उगवू लागलंय. माफी मागायला मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच बोलू लागली. त्या दिवशी सगळे माझ्यासाठी थांबले होते, म्हणाली. फादर घड्याळ बघत होते, काका चिडले होते. दुपार व्हायला आली. मग ढगाच्या वर विमानाचा आवाज आला. "मी सगळ्यांना सांगितलं, तो आला. आता पेटी उतरवा." मग तिने माती टाकली, माझ्या वाटचीही.

मी मनातल्या मनात वेळ जुळवून बघितली. दुपार व्हायच्या कितीतरी आधी आम्ही वरून गेलो होतो. तो आवाज झाला तेव्हा मी डियानीला विमानाच्या सावलीत उभा राहून चहा पीत होतो. परतताना लामूकडून गेलो, आपल्या डोंगरांच्या जवळही नाही. ते विमान दुसऱ्याच कुणाचं होतं.

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो आई. मीच होतो."

नाताळात तिला तुझ्या भेटीची परवानगी आहे. मठातल्या जाळीच्या पलीकडून ती तुला हे सांगेल, सगळं, आवाजासकट. तिला सांगू दे. तू नुसती ऐक, आणि जमलं तर तिचा हात धर. मला तेव्हा धरता आला नाही.

त्या शनिवारी तुझ्याइतकाच लांब असलेला,
तुझा म्वादिमे