तिसरीचा बंद वर्ग

१४ जानेवारी
पोहोचले एकदाची! बर्फ खिडक्यांपर्यंत चढलाय, पण माणसं उबदार आहेत. इथल्या शाळेच्या नर्सबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी मी. हेडसर निहेई स्वतः वाट साफ करत होते. म्हणाले, बाई, आधी फावडं मारायला शिका, थर्मामीटर नंतर.
आजारखोलीत रॉकेलचा स्टोव्ह आहे, दोन खाटा आहेत. पहिली पेशंट तिसरीतली नाझुना. पोट दुखतंय म्हणे. दुखत काही नव्हतं, गणिताचा तास होता. बसू दिलं स्टोव्हपाशी.

२० जानेवारी
फ्लूची साथ आली. तिसरीतले निम्मे बाक रिकामे. सकाळपासून ताप मोजतेय, घरोघरी फोन करतेय.
नाझुनालाही सणकून ताप. घरी जायला तयार होईना, जेवणात करी-भात होता ना! ताप उतरला की लगेच ये, अशी समजूत घातली. आईच्या पाठीवर बसून गेली. मुखपट्टीवरून डोळे तेवढे हसत होते.
तिसरीचा वर्ग बंद केला.

२४ जानेवारी
नाझुना गेली. ताप मेंदूत गेला म्हणे. फोन ठेवून हेडसर कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

२७ जानेवारी
तिची आई तिचे शाळेत आत घालायचे बूट न्यायला आली. ते छातीशी धरून माझ्यापुढे वाकली, पोरीला सांभाळलंत म्हणाली.
दुपारी बंद वर्गातून खोकला ऐकू आला. कुलूप काढलं. कुणी नव्हतं. फरशीवर ओली, इवलीशी पावलं. अनवाणी.

२९ जानेवारी
आली. भर दुपारी, आजारखोलीच्या दारात. ताप उतरलाय, बघा ना बाई, म्हणाली. हात लावला. बर्फसुद्धा इतका गार नसतो.
वर्गात एकटीला करमत नाही म्हणे. सगळे कधी येणार? वर्ग अजून बंद आहे गं, म्हटलं. ओठ काढून म्हणाली, मग मिओरीला बोलावते. मिओरी तिच्या शेजारच्या बाकावरची —

३० जानेवारी
मिओरी इस्पितळात. शुद्ध नाही.
हेडसरांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. दमलात तुम्ही, घरी जा, म्हणाले. मग अगदी हळू विचारलं — कशी दिसत होती पोर? बरी होती ना?

३१ जानेवारी
पुन्हा आली. तक्रार करत होती — मिओरीची आई तिचा हातच सोडत नाही. मग आता दुसरं कुणीतरी —
नको म्हटलं. मुलं नकोत, राजा. मी बसते तुझ्यासोबत.
खरंच, बाई? केवढी हरखली —

३ फेब्रुवारी
मिओरीनं डोळे उघडले. पाणी मागितलं. हेडसर फोनवर रडत होते.
मी तिसरीच्या बंद वर्गात आहे. अंगात कणकण. नाझुना शेजारी —
बाहेर पोरं बर्फात खेळतायत. हसू ऐकून ती उठली, खिडकीकडे —
इकडे ये. तिकडे नको बघूस. माझा हात धर. घट्ट. अजून —
बाई, सोडू नका हं, म्हणते. नाही गं सोडणार. बोटं बधिर — लिहिता ये