नऊ-दहाची नोंद

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज डाळ गिरणी दोन तास बंद ठेवली. व्यवस्थापक ऋतुजा मॅडमनी सगळ्यांना पोत्यांवर बसवलं आणि फळ्यावर दोन गोल काढले. एक बोलणारा, एक ऐकणारा. मधे बाण. "निरोप दिला म्हणजे पोचला असं नाही," म्हणाल्या. मग उलटा बाण काढला — ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते त्याच्याच तोंडून परत यायला हवं. तेव्हा निरोप पुरा.

पटलं. आमची शेतकऱ्यांचीच कंपनी, साडेतीनशे सभासद. पण निरोप कसे चालतात? चेअरमन हणमंतराव मॅडमना सांगतात, मॅडम मला, मी खाली सगळ्यांना. खाली येताना निरोप कडक होतो, वर जाताना मऊ. "मोटर जळून राहिली" हे वर पोचेपर्यंत "मोटर जरा गरम आहे" होतं. मऊ करणारा मीच!

आजपासून निरोपवही माझ्याकडे. कुणाला, काय, किती वाजता, दिला. "तुझं अक्षर चांगलं आहे, व्यंकट," मॅडम म्हणाल्या. अकरावी सोडल्यापासून माझ्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. लाल शाईने रकाने आखले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सात निरोप. सातही परत वदवून घेतले. वजनकाट्यावरचे जिलानीभाई हसले — "काय रे, निकाह लावून राहिलास का? तीन येळा कबूल म्हणू?" पण सांगितलं बरोबर.

वही काट्यावर नेली तर तुरीच्या भुशाने पान खराब झालं. उद्यापासून लिहायचं ते टेबलावर बसूनच.

५ फेब्रुवारी, बुधवार

शरणप्पा मामा कोठ्यांवर असतात. कोणत्या कोठीतली तूर भरडायला सोडायची ते त्यांच्या हातात. गिरणी सुरू झाली तेव्हापासून आहेत. फोन साधा, चष्मा घरी. म्हणून त्यांचा निरोप तोंडी.

सांगितलं — आधी दोन नंबरची कोठी, मग एक. मग म्हटलं, "मामा, परत सांगा."

त्यांनी झडपेवरचा हात काढला. "काय म्हणलास?"

"म्हणजे — मी काय सांगितलं ते—"

"माझी परीक्षा घेऊन राहिलास? अकरावीतून पळालेलं पोरगं, मास्तर झालं का रे? तुझ्या बापाएवढा हाय मी!"

डाळ निवडणाऱ्या बायका हसल्या. सरजाबाई म्हणाली, "मामा, पट्टी द्या म्हणावं मास्तरला, हातावर मारायला." अजून हसल्या.

कान अजून गरम आहेत. आमच्याकडे थोरल्याने सांगायचं, धाकट्याने मान हलवायची. धाकट्याने थोरल्याकडून वदवून घेणं म्हणजे उर्मटपणा. मॅडमनी फळ्यावर दोन्ही गोल सारख्याच मापाचे काढले होते. तसे नसतात ते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कोठीकडे निरोप नव्हता. बरं झालं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी सकाळी आठलाच यादी दिली. अकरा निरोप. शरणप्पा मामांना — चार नंबरची कोठी उघडायची नाही, त्यात बियाण्याची तूर आहे, सोमवारी पोत्यांत भरून सभासदांना द्यायची. ९.१०. दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

चार नंबर रिकामी!

चाळीस पोती. ऐंशी घरांनी चांगली चांगली झाडं हेरून, वेगळी बडवून ठेवलेली तूर. काल दुपारीच सगळी भरडली गेली. हणमंतराव मूठभर डाळ घेऊन कोठीपाशी उभे होते. "शरणप्पा, ही पेरू का आता? उगवती का डाळ?"

मामा म्हणाले, "मला कुणी बोललंच न्हाई, मालक."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून दिली. मामांनी जिलानीभाईंचा चष्मा मागून घेतला. नोंदीवर बोट ठेवून वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा जिलानीभाईंना परत दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. खोलीवरच.

मी दारातून सांगितलं. यंत्राचा आवाज होता. त्यांनी मान हलवल्यासारखं वाटलं. परत विचारलं नाही — बुधवारनंतर कसं विचारणार? "दिला" असं लिहिलं ते चूक नाही. पोचला की नाही याला वहीत रकानाच नाही.

भोकरहून आईचा फोन. "बरा हाईस ना?" "हाव." "जेवलास?" "हाव." पाच मिनिटं चालला फोन.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमच्या खोलीत चौकशी. हणमंतराव मामांना म्हणाले, "गुरुवारपर्यंत लिहून द्या. निरोप मिळाला का न्हाई? मिळाला नसंल तर ह्या पोराला घालवतो. मिळाला असंल तर तुम्हाला ठेवता येत न्हाई. ऐंशी घरांना उत्तर द्यायचंय मला."

मामा नुसते वहीकडे बघत होते. तोवर त्यांनी कोठीला हात लावायचा नाही असं ठरलं.

बाहेर आल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "तू लिहून ठेवलंस म्हणून बरं. नाहीतर नुसतं याचं तोंड आणि त्याचं तोंड झालं असतं."

दारातून नव्हे, खरं तर मी काट्याजवळ होतो. तिथून हात केला होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काट्याजवळून कोठी दिसत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मामा गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसले होते. काम नाही तरी रोज वेळेवर येतात. मला हाक मारली. वाटलं, आता चारचौघांत काढणार माझी.

"बस रे. दोन चहा दे गा."

चहा हातात आल्यावर बोलले.

"खरं सांगू का, व्यंकट? मला आठवतच न्हाई. तू आलास, बोललास — कायच न्हाई. लई डोकं खाजवलं."

"मामा—"

"माझा थोरला भाऊ असाच. पहिलं निरोप इसरायचा. मग नावं. मग घरची वाट. शेवटी बायकोला म्हणायचा, बाई, तुम्ही कोणत्या गावच्या?" हसले. मी पण हसलो, का ते माहीत नाही. "त्याला बी अशीच साठी लागली होती तवा."

"मामा, आवाज असतो तिथं. ऐकू नसेल आलं."

"आवाजात पंचवीस वर्षं काढली मी. न्हाई रे, तसं न्हाई. तू वहीत लिव्हलंस म्हणजे तू सांगितलंस. तू कशाला खोटं लिव्हशील? परवा तुला फाडकन बोललो, ते मनात ठेवू नको. तू इचारलं ते बरोबरच होतं."

मी तोंड उघडलं. "चहा गार होतोय, मामा." एवढंच निघालं.

मला वाटत होतं की वहीशी त्यांचं भांडण होईल. शिव्या देतील, मला खोटा म्हणतील, मग बघता येईल. लिहिलेल्यापुढे माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास सोडून देईल, हे मनात आलं नव्हतं. माझं अक्षर इतकं चांगलं नको होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मामांनी लिहून दिलं. मॅडमनी मला वाचायला दिलं, फाइलला लावायच्या आधी.

"निरोप मिळाला होता. माझ्या ध्यानातून गेला. आता माझा मलाच भरवसा नाही. कोठीवर दुसरा माणूस बघावा. शरणप्पा."

हणमंतराव म्हणाले, "माणूस सच्चा. पण इलाज न्हाई." आजपासून काम सुटलं.

मुलगी आरती त्यांना न्यायला आली होती. जाताना मामा तिला एकेकाकडे बोट करून नावं सांगत होते. "हे जिलानी. ह्या सरजाबाई. हा व्यंकट, भोकरचा." आणि प्रत्येक नावानंतर आमच्या तोंडाकडे बघायचे, बरोबर आलं का म्हणून. सरजाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. जिलानीभाई म्हणाले, "सही हाय मामा, सगळं सही हाय."

आरती उद्या त्यांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सात तारखेला मी शरणप्पा मामांकडे गेलोच नव्हतो. अकराही नोंदी वेळेसकट सव्वाआठलाच टेबलावर लिहून ठेवल्या होत्या. दहा निरोप दिले. कोठीकडे पाय वळला नाही.

मामा काहीही विसरलेले नाहीत.

लातूरची गाडी नऊला सुटते. स्टँडवर निघालो.