मिशिगनबाहेरची मुक्ता

१८ मार्च
मुक्ताच्या युनिव्हर्सिटीचं फीचं बिल आलं. आउट-ऑफ-स्टेट लावलंय. म्हणजे बाहेरच्या राज्यातल्या मुलांची फी, इथल्यांच्या जवळजवळ तिप्पट. दोनदा लॉगिन करून पाहिलं. तेच. इथेच मिशिगनमध्ये, नोव्हायला जन्मलेली मुलगी.
ती म्हणाली, "ग्लिच असेल, आई. चिल."
रात्री भाजी काय केली होती, आता आठवत नाही.

१९ मार्च
लंचमध्ये युनिव्हर्सिटीला फोन केला. ग्लिच नाही. जन्म कुठे झाला ते बघत नाहीत, आई-वडील कुठे राहतात ते बघतात. अजित गेल्यावर आम्ही इथलं घर विकून नागपूरला गेलो, वर्षश्राद्ध होईपर्यंत राहिलो. परत येऊन वर्ष व्हायचंय. त्यांच्या लेखी आम्ही मिशिगन सोडलं आणि आता नवीन आलोय.
सोडलं, म्हणाल्या त्या बाई. अगदी शांतपणे.

२२ मार्च, शनि.
संजयदादा आणि वहिनी आले होते. दादा अजितचा कॉलेजपासूनचा मित्र. चिडला. "रेंटवर टाकायचं ना यार घर! विकायची काय घाई होती?" वहिनींनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.
घाई भाऊजींना होती, अजितच्या भावाला. म्हणाले, तुम्हाला मुलगा नाही, दर महिन्याचं श्राद्ध मीच करणार, तर तुम्ही दोघी इथे नागपूरला हव्यात. तिथे आता कोण आहे तुमचं, आवरून या. मी मान हलवली. गॅरेजमध्ये अजितचे स्नोचे बूट होते. तेवढं आठवतं. सह्या केल्याचं नीट आठवत नाही.
परत आलो ते मुक्ता तिथे बोलेनाशी झाली म्हणून.
दादा म्हणतो अपील कर. जाणं तात्पुरतं होतं, परत यायचंच होतं, असं सांग.

२ एप्रिल
अपील पाठवलं. सोबत मृत्यूचा दाखला. स्कॅनरवर उलटा ठेवला गेला, कोरं पान आलं. परत ठेवला.

१० एप्रिल
आज फोनवर सुनावणी. मुक्ता शेजारी बसलेली. सकाळपासून पढवत होती. "विचारतील, परत यायचं ठरलं होतं का. जस्ट से येस, आई. बाकी काही बोलू नकोस."
विचारलं. मी म्हणाले, तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. नवरा गेला होता माझा.
हो म्हणायचं होतं. तोंडून हे निघालं.
तिकडून सॉरी म्हणाले. निर्णय कळवतील.
वाटलं, मुक्ता फीवरून ओरडेल. तिने फोन बंद केला.
"वेट. म्हणजे तू मला परत आणणारच नव्हतीस?"
आणलं ना, मी म्हणाले.
"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."
खोलीत गेलीय. दार लावलेलं नाही. मी अजून टेबलापाशीच. काय सांगू तिला, तेव्हा मला उद्याचंही काही सुचत नव्हतं.