हैदराबाद आणि तुझे चावरे बूट

हिंगोली, ज्येष्ठ वद्य ४, शके १८५८

प्रिय बंडोपंत,

सर्वप्रथम तुझ्या बुटांविरुद्ध माझी फिर्याद दाखल करून घे. राजधानीत वहाणा शोभत नाहीत म्हणून तू ते आग्रहाने माझ्या पायांत घातलेस. नांदेड येण्याआधीच त्यांनी दोन्ही टाचा सोलल्या. चारमिनार मी बूट काखेत धरून पाहिला. टांगेवाला विचारतो, "पंडितजी, आप जूते पैने की जूते आपकू पैने?" कळमनुरीत तुला ते चावत नाहीत, यावरून तू चालतोस किती ते कळलं.

मार्गशीर्षातली तिथी कळव, असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. कळवतो. माझ्या अनुसूयेला तुझी सून होण्याआधी एकदा राजधानी दाखवावी म्हणून निघालो होतो, तेव्हा आधी राजधानी ऐक.

अरे, काय शहर! चारमिनारपासून चार रस्ते चार दिशांना सुटतात. पाठशाळेत आपण नगरवर्णनं घोकली, ती कुणीतरी चुन्यात बांधून ठेवलीत. मक्का मशिदीबाहेर बूट ठेवले, कोणी नेईल या आशेने. कोणी शिवलं नाही. लाडबाजारात लाखेच्या बांगड्यांनी डोळे दिपतात. लग्नासाठी डझनभर घेतल्या. भाव पोरीनेच केला. मी अष्टाध्यायी पाठ म्हणणारा, पण दुकानाची पाटी वाचता येईना; ती घडाघडा उर्दू वाचत मला गल्लोगल्ली फिरवत होती.

बागेतल्या अजबखान्यात काचेच्या पेटीत मिसर देशातली एक मुलगी निजली आहे. पेटीला हात टेकून न्याहाळत होतो, तेव्हा कळलं की हे प्रेत! झालं, बागेच्या नळाखाली धोतरासकट बसलो. अनुसूया म्हणते, "नाना, हजारो वर्षं झाली तिला जाऊन, आता विटाळ काहून धरता?" वादसभा जिंकणारा मी, धोतर पिळून टांग्यात जाऊन बसलो.

आणि गोवळकोंडा! खाली दरवाजात टाळी वाजवली की पार वर गडाच्या माथ्यावर ऐकू जाते. तुझ्या बुटांच्या कृपेने मी खालीच बसलो, ती चढून गेली. मी टाळी वाजवली. वरून तिने पदर हलवला. तासभर उतरलीच नाही. उतरली तेव्हा म्हणाली, "नाना, वरून सगळं शहर दिसतं. मला इथंच शिकायला ठेवा." मॅट्रिकचा दाखला तिने ट्रंकेत साड्यांखाली आधीच घालून आणला होता.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या कॉलेजात तिचं नाव घातलं. जाताना दोन तिकिटं काढली होती, येताना एक. बांगड्यांचा डबा तिने माझ्याकडेच दिला, "तोवर जपा" म्हणाली. तेव्हा मार्गशीर्षात तिथी नाही, बंडोपंत. चार वर्षं नाही. तुझ्या सूर्यकांताला थांबवशील का, हे विचारायला हे सारं पुराण लावलं.

तू रागावशील, वहिनी अबोला धरतील, ते सोसेन. सूर्यकांत थांबणार नाही, तर तेही समजून घेईन. मला भीती वेगळीच आहे. त्या गडावरून मी तिला केवढासा दिसलो असेन! चार वर्षांनी ती परत येईल, तेव्हाही आपण सगळे तिला तेवढेच दिसू, याची मला फार काळजी वाटते.

तुझाच, अजून अनवाणी,
नरहर