नारळावर लिहिलेल्या नाटकाची वाटणी

चिरंजीव सगुण, तुझी कंबर कशी आहे? ट्रकाची सीट बदललीस का? सूनबाई सुमंगला, खोकला गेला का? भगिनी देवकी, नार्व्याला नदीची हवा तुझे सांधे धरते, शेक घेत जा. यशोदा माझ्यासमोरच बसली आहे. तिची प्रकृती उत्तम, आवाजावरून कळते.

माझी विचाराल तर मी अनंत बाबली गांवस, राहणार पार्से, धंदा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय (यशोदेचा कायमचाच, तो धरत नाही) हे मृत्युपत्र लिहितो. आजच लिहितो, कारण विसरणे हा माझा जोडधंदा.

घर निम्मे यशोदेचे, बायको म्हणून, गोव्याच्या कायद्याने आणि सगळेच तिचे वहिवाटीने. मुलांना कायदा जे देतो त्याला माझा हात लागत नाही. माझ्या मर्जीवर उरते त्याची व्यवस्था अशी:

कलम एक. कोयता आणि तो अडकवायची कमरेची आकडी सगुणला. तू माडावर चढणार नाहीस, ठाऊक आहे. भिंतीला अडकव, पण धार लावत जा. गंजलेला कोयता पाहून लोक बापाला नावे ठेवतात.

कलम दोन. माझे राजाचे नाटक गावच्या मंडळींना, जत्रेत करण्यासाठी. फक्त शेवटचा प्रवेश नाही, त्याचे कलम पाचात. गोव्याच्या मुक्तीनंतर गावात शाळा आली तेव्हा मी सगुणच्या पाटीवर अक्षरे गिरवून शिकलो. पण नाटक सुचायचे माडाच्या शेंड्यावर. लापीस, म्हणजे पेन्सिल, खाली घरात, मी वर. मग कोयत्याच्या टोकाने नारळावरच संवाद कोरायचा आणि म्हणायचे, उतरून कागदावर घेऊ. उतरेपर्यंत भाटकाराचा, म्हणजे बागेच्या मालकाचा, टेंपो नारळ भरून निघालेला! असा माझा दुसरा अंक म्हापशाच्या बाजारात विकला गेला. कोणी त्याची सोलकढी केली, कोणी तो देवापुढे फोडला. पुन्हा लिहिला, पण पहिल्याची चव नाही.

कलम तीन. सर्वणचा नारळवाला गोकुळदास याला काहीही देऊ नये. माझ्या नारळावरचे वाक्य वाचून त्याने आपल्या गावच्या नाटकात घातले आणि टाळ्या खाल्ल्या. जाब विचारला तर म्हणतो, "अनंता, नारळ मी पैशे दिवन घेतलंय. वयली अक्षरां फुकट इली." साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही म्हणतात, म्हणून त्यालाच साक्षीदार केला आहे.

कलम चार. माझ्या दोन्ही लापीस सुमंगलेला. तू चुलीपुढे फुगडीची गाणी जुळवतेस आणि म्हणतेस, "मामांनू, उद्या लिवतंय." बाय, सुचलेली गोष्ट दारात आलेली पाहुणी. पाट मांडला नाहीस तर शेजारणीकडे जेवते, आणि शेजारीण गोकुळदासासारखी निघाली तर आचवूनही जाते. कागद नसेल तर भिंतीवर लिही, भिंत नसेल तर तळहातावर. नारळावर मात्र नको.

कलम पाच. राजा सख्ख्या भावासमोर तलवार उपसून उभा आहे, आणि पुढे काय ते मला आठवत नाही. सुचले होते नार्व्याला, देवकीच्या परसातल्या माडावर. नारळ सगळे पाडून झालेले, कोरायला एकही नाही. म्हणून वरूनच ओरडून सांगितले. आधी खाली उतरा म्हणून खालून यशोदा ओरडली, "आदी सकल देवा, मगे काय तां सांगा! पडशाल!" उतरलो तेव्हा शेवट वरच राहिला होता. आता माझ्या पायांत चढण्याचा जीव नाही. यशोदा म्हणते, "माजां लक्ष तुमच्या पायांर होतां." सगुण, तूही तिथे होतास, काही ऐकले असशील तर कळव. देवकी, तू तोंडावर पदर घेऊन हसलीस. शेवट ऐकून हसलीस, की माझी काष्टी झावळीत अडकली म्हणून? एवढे तरी लिही. शेवटाला हसली असशील तर राजा भावाला मारत नाही, मी लगेच तलवार म्यानात घालतो.

उत्तर लवकर धाडा. मेल्यावर पोस्टमनला माझा पत्ता सापडायचा नाही.

पार्से, पेडणे, गोवा
ता. १४ नोव्हेंबर १९९४

सही: अनंत बाबली गांवस

साक्षीदार:
१. कृष्णनाथ परब, पार्से
२. गोकुळदास तेली, सर्वण (कलम तीन दोनदा वाचून, हसत सही केली)